स्मिथ सिस्टिमवाला स्मिथ कोण, आणि त्याचं ट्रेनिंग आपल्या घाटात चालतं का?

प्रश्न असा आलाय: "आमच्या कंपनीत बसवाले आणि टँकरवाले, सगळ्या ड्रायव्हर लोकांना स्मिथ सिस्टिमचं ट्रेनिंग लावलंय. हा स्मिथ कोण, संस्था कुठली, आणि अमेरिकेतलं हे शिकून आपल्या रस्त्यावर काय उपयोग, की नुसतं सर्टिफिकेट?"

मी आधी अकरा वर्षं टँकर चालवला आणि नंतर सोळा-सतरा वर्षं झाली ड्रायव्हर लोकांना शिकवतोय, बहुतेक चाकण, रांजणगाव आणि तळोजाच्या कंपन्यांत. मी स्मिथवाल्यांचा माणूस नाही, त्यांच्याकडून पगार घेत नाही, पण त्यांचे पाच नियम मी रोज वापरतो त्यामुळे थोडं लांबण लावून सांगतो, वेळ असेल तेव्हा वाचा.

स्मिथ सिस्टिम म्हणजे ठोकाठोकी टाळून गाडी कशी चालवायची ते शिकवणारी अमेरिकन पद्धत, आणि स्मिथ म्हणजे हॅरोल्ड एल. स्मिथ. संस्था त्याने १९५२ साली अमेरिकेत काढली, आज तिचं ठाणं टेक्सासमधे आर्लिंग्टनला आहे. १९५२ म्हणजे केव्हा, तर आपली एसटी पुणे–नगर पहिल्यांदा धावली १ जून १९४८ ला, त्याच्या चार वर्षांनंतर. तेव्हाची अमेरिका डोळ्यासमोर आणा. घरोघरी गाडी आलीय, इंजिनं मोठी, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, आणि सीटबेल्ट तर जवळपास कुठल्याच गाडीत नाही. आज आपण जो खांद्यावरून घेतो तो तीन टोकांचा बेल्ट व्होल्वोने १९५९ ला आणला. एअरबॅग, जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, ही तर फार पुढची गोष्ट. वर्षाला पस्तीस हजारांच्या वर माणसं तिकडे रस्त्यावर मरत होती. म्हणजे एकदा गाडी ठोकली की गाडी तुम्हाला वाचवणार नाही हे नक्की, मग राहिलं काय तर ठोकायचीच नाही. ही त्या काळाची गरज होती आणि स्मिथचा सगळा विचार तिथून निघालाय.

आता त्याने वेगळं काय केलं? त्या आधीचं शिकवणं बघा, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमधे आजही तेच चालतं, क्लच दाब, गियर टाक, एक्सिलेटर हळू, आठचा आकडा काढ, रिव्हर्स घे. सगळं हातापायाचं. स्मिथचं म्हणणं असं की हातापायाला कळतच नाही काही, ते डोळे सांगतील ते करतात, आणि ठोकाठोकी करणारा ड्रायव्हर गाडी चालवायला कच्चा नसतो, बघायला कच्चा असतो. बघितलंच उशिरा तर ब्रेक पण उशिराच लागणार, मग तुम्ही कितीही हुशार असा. त्याच्यासोबत कमिंग्ज आणि शर्मन अशी दोन नावं येतात, जुन्या अमेरिकन पुस्तकांत या पद्धतीला स्मिथ-कमिंग्ज-शर्मन सिस्टिमच म्हटलंय. यातला शर्मन हा नजर, दृष्टी या विषयातला माणूस, आणि ते शिकवण्यात दिसतं. पन्नासच्या दशकात फोर्ड कंपनीने ही पद्धत उचलून धरली आणि मग ती शाळांपर्यंत गेली.

त्याचे पाच नियम, त्यांच्या भाषेत पाच किल्ल्या. मी ड्रायव्हर लोकांना कसे सांगतो तसेच लिहितो. नजर लांब टाक. सगळं चित्र बघ. डोळे फिरते ठेव. सुटायला जागा ठेव. आणि समोरच्याला तू दिसलास याची खात्री कर. बस, एवढंच आहे. वाचल्यावर वाटतं यात काय मोठं, हे तर आमचे वडील पण सांगायचे. पण मजा अशी आहे की यातल्या तिघांना आकडा लावलाय आणि आकडा लावला की पळवाट राहत नाही.

पहिल्याचा आकडा १५ सेकंद. आत्ता तुम्ही जिथे आहात तिथून १५ सेकंदांनी जिथे पोचाल तिथवर नजर हवी. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे सव्वातीनशे मीटरच्या पुढे. आपले बहुतेक ड्रायव्हर बघतात कुठे, तर पुढच्या ट्रकच्या फाळक्यावर लिहिलेलं हॉर्न ओके प्लीज. तिसऱ्याचा आकडा २ सेकंद, एका जागी त्याहून जास्त नजर खिळवायची नाही, आणि पाच ते आठ सेकंदांत एखादा आरसा झालाच पाहिजे. यामागे शरीराचं कारण आहे, डोळ्याला अगदी स्वच्छ दिसतं ते मधल्या दोन-तीन अंशात, साधारण हात लांब करून अंगठ्याचं नख बघितलं तेवढ्या जागेत, बाकी सगळं कडेचं धूसर. नजर एका जागी अडकली की कडेचंही मेंदू घेईनासा होतो. लांबच्या सरळ रस्त्यावर ड्रायव्हर जागा असून झोपलेला असतो तो असा. समृद्धी महामार्गावर ज्यांनी दुपारी गाडी हाणलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

चौथ्याचा आकडा पुढच्या गाडीपासून ४ सेकंद, जड गाडीला त्याहून जास्त. सेकंद मोजायचे कसे हा वर्गात नेहमीचा प्रश्न, घड्याळ बघत गाडी चालवणार का? मी सांगतो, पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात नीट, घाई न करता, गणपती बाप्पा मोरया म्हणायला लागा, तीनदा म्हणून होईपर्यंत तुमची गाडी त्या खांबाला पोचायला नको. आणि पोचली असेल तर एक्सिलेटरवरून पाय उचला. हे लोकांच्या लक्षात राहतं, इंग्रजी आकडे नाही राहत.

स्मिथच्या आधी कोणी हा विचार केलाच नव्हता असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. १९३८ ला गिब्सन नावाच्या मानसशास्त्रवाल्याने क्रूक्स नावाच्या माणसासोबत एक लेख लिहिलाय, त्यात ते म्हणतात की ड्रायव्हरच्या पुढे रस्त्यावर सुरक्षित जागेची एक जीभ पसरलेली असते, अडथळा आला की ती आखडते, मोकळं झालं की लांबते, आणि गाडी चालवणं म्हणजे त्या जिभेत राहणं. वाचलं तेव्हा मला भारी वाटलं होतं कारण स्मिथ ज्याला जागेची गादी म्हणतो, म्हणजे गाडीभोवती राखलेली मोकळी जागा, ती हीच. तसंच लंडनच्या पोलिसांनी हेंडनला १९३५ ला ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तिथेही बघण्यावर आणि बोलत गाडी चालवण्यावर फार जोर. म्हणजे कल्पना हवेत होती. पण लेखातली जीभ आणि पोलिसांची शाळा सोडून हा माणूस गेला कंपनीच्या मालकाकडे, आणि मला विचाराल तर त्याची खरी हुशारी इथे आहे. ज्याच्या पन्नास-शंभर गाड्या रस्त्यावर आहेत, ज्याला दर महिन्याला ठोकलेल्या गाडीचं बिल येतं, त्याला ही गोष्ट विकायची. ड्रायव्हर स्वतःच्या खिशातून कधीच ट्रेनिंग घेणार नाही, मालक घेईल. अमेरिकेत ती यूपीएस नावाची पार्सल कंपनी आहे ना, तिच्या ड्रायव्हरना बघण्याच्या पाच सवयी शब्दन् शब्द पाठ असाव्या लागतात, तोंडी परीक्षा होते, त्या सवयी म्हणजे या पाच किल्ल्याच. आणि तिकडे १९६४ ला नॅशनल सेफ्टी कौन्सिलचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा, म्हणजे दुसरा चुकणार हे धरून सांभाळून चालवण्याचा, कोर्स आला, त्यानंतर तो शब्द सगळीकडे पसरला. आपल्याकडेही तुमच्यातल्या टँकरवाल्यांनी धोकादायक मालासाठी तीन दिवसांचा कोर्स केलेला असणारच, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९, त्याच्या अभ्यासक्रमात डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग लिहिलेलंच आहे. तो तीन दिवसांचा कोर्स किती ठिकाणी खरोखर तीन दिवस होतो हे मी बोलत नाही.

आता चालतं का आपल्याकडे. एक प्रसंग सांगतो. उर्से टोलपासून खंडाळ्यापर्यंत एका कंपनीच्या बसमधे मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. मामा वीस-बावीस वर्षं गाडी चालवणारे, हात एकदम मुलायम, गियर टाकलेला कळत नाही. मी म्हटलं मामा, काय दिसतंय ते बोलत बोलत चालवा. ही बोलत चालवायची पद्धत फार जालीम आहे, माणूस काय बघतो ते लगेच उघडं पडतं. मामा लाजले, मग सुरू झाले. "ट्रक आहे. ट्रक आहे पुढं. ट्रकनं ब्रेक मारला. ट्रक..." आणि गप्प. दीड मिनिटात संपलं सगळं. मी विचारलं मागे काय आहे, तर आता आरशात बघितलं, डाव्या बाजूला एक पांढरी कार बसला जवळपास चिकटून चाललेली. "ही कधी आली?" म्हणाले. ती कामशेतपासून तिथेच होती. मामांचं चुकलं असं नाही म्हणत मी, वीस वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं की काय बघताय. परत येताना मात्र ते बोलत होते, पुढे उजवीकडच्या लेनमधे कंटेनर हळू चाललाय, म्हणजे त्याच्या मागचे सगळे डावीकडे येणार, म्हणजे मी आत्ताच पाय उचलतो. हे असं "म्हणजे" यायला लागलं की मी समजतो काम झालं.

जो नियम आपल्याकडे सगळ्यात मार खातो तो चौथा. ४ सेकंद जागा ठेवली की तिथे एक रिक्षा, दोन टू-व्हीलर आणि जमलं तर वडापची जीप घुसते. प्रत्येक बॅचला कोणीतरी म्हणतंच, सर तुमचं सगळं बरोबर पण इथे जागा ठेवली की दुसरा घुसतो. घुसतो, मान्य. मग पाय उचलायचा, परत जागा करायची. पुण्यातून मुंबईला जाईपर्यंत समजा तीस जण घुसले आणि प्रत्येकाला तीन सेकंद दिले तर दीड मिनिट झालं. एवढा चहा पण गार होत नाही. पण हे गणिताने पटतं, मनाने नाही पटत, कारण आपल्याला कोणी पुढे घुसलं की आपलं काहीतरी लुटलं असं वाटतं. आणि शहरात, खरं सांगतो, पिंपरी चौकात संध्याकाळी सात वाजता ४ सेकंद ठेवणं मलाही जमत नाही. तिथे मी दुसरं शिकवतो, सगळ्या बाजूंनी जागा नाही मिळत तर निदान एक बाजू मोकळी ठेवा. पुढे गाडी, मागे गाडी, डावीकडे बाइक, ठीक, पण उजवीकडे निसटायला अर्धी लेन आहे ना? चौकोनाच्या चारही बाजू बंद झाल्या की समजायचं आपण आता दुसऱ्याच्या ब्रेकवर चाललोय.

यातलं एक मला स्वतःला महागात पडलंय. टँकरवर नवीन होतो, चढावर जाम लागला होता आणि मी पुढच्या ट्रकला अगदी नाक लावून उभा राहिलो, मधे कोणी घुसू नये म्हणून. त्याचं हँडब्रेक धड नव्हतं की त्याने क्लच चुकवला माहीत नाही, गाडी मागे आली, सावकाश आली, मला दिसत होती येताना. मागे एक बस चिकटलेली, रिव्हर्स घेणार कुठे आणि स्टेअरिंग कापायला पुढे जागाच नाही. हॉर्न दाबून धरला, दुसरं काय करणार. रेडिएटर फुटला, हिरवं पाणी रस्त्यावर. मालकाने तीन महिने पगारातून कापले. पुढे कितीतरी वर्षांनी स्मिथचा नियम वाचला, उभं राहताना पुढच्या गाडीची मागची टायरं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, म्हणजे वळवून निघायला जागा राहते. अर्ध्या मिनिटात शिकवता येणारी गोष्ट आहे ही. सिग्नलचंही तसंच, लांबूनच हिरवा दिसतोय तर तो शिळा हिरवा, कधीपण जाणार, तुमच्यासमोर बदलला तर तो ताजा. शिळ्या भाकरीसारखा शिळा सिग्नल म्हटलं की वर्ग हसतो आणि विसरत नाही.

पाचवा नियम तिकडच्यासारखा इकडे शिकवलाच जाऊ शकत नाही. समोरच्याला दिसा, म्हणजे इंडिकेटर द्या, नजरेला नजर भिडवा, गरज पडली तर हळू हॉर्न. आपल्याकडे हॉर्न हा श्वासासारखा आहे, दिला काय नाही दिला काय. त्यामुळे मी डिपरवर, म्हणजे हेडलाइट उघडझाप करण्यावर, आणि उभं राहण्याच्या जागेवर भर देतो, म्हणजे ट्रकला ओव्हरटेक करण्याआधी त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड मला दिसतंय का, दिसत नसेल तर मी त्याला दिसत नाही. आणि रात्रीचा उसाचा हंगाम. साखर कारखान्याच्या पट्ट्यात ज्याने रात्री गाडी चालवली त्याला सांगायला नको, दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर आलेला, आणि ट्रॅक्टरवाल्याचं गाणं जोरात. तिथे पाचवा नियम समोरच्याने पाळलेलाच नाही, मग तुमच्या हातात फक्त पहिला राहतो, आणि तोही हेडलाइट जेवढा पुरेल तेवढाच, म्हणून स्पीड कमी. दुसरं औषध नाही त्याला.

आता जे ट्रेनिंगवाले सांगणार नाहीत ते सांगतो, धंद्याच्या विरोधात बोलतोय असं म्हणाल. लायसन मिळाल्यानंतर दिलेल्या ट्रेनिंगने अपघात कमी होतात का, यावर जगभरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन नावाच्या, असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २००३ ला तपासलं, त्यांना तसा पुरावा मिळाला नाही. ट्रेनिंग एकटं पुरत नाही हे मी डोळ्यांनी पण बघितलंय. दुसरीकडे स्वीडनमधे टेलिफोन कंपनीच्या ड्रायव्हर लोकांवर एक प्रयोग झाला होता, १९९६ ला छापून आला, काही गटांना ट्रेनिंग, काहींना बक्षीस, काहींना प्रचार, आणि एका गटाला फक्त एकत्र बसवून आपल्या अडचणी बोलायला लावलं आणि आपण काय बदलणार ते ठरवायला लावलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो या बोलणाऱ्यांमधे. ट्रेनिंगवाल्या गटातही पडला, पण बोलणारे पुढे. तेव्हापासून मी माझ्या दोन दिवसांतला शेवटचा अर्धा दिवस बोर्ड पुसून खुर्च्या गोल करून बसतो आणि मॅनेजरला बाहेर काढतो. काय काय निघतं तुम्हाला सांगतो. डबल ड्युटी. जेवायची सुट्टी कागदावर. आणि डिझेल.

डिझेलचं जरा नीट ऐका. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सगळा उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मधे तिथे एका अवजड गाडीने कितीतरी गाड्या उडवल्या होत्या, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरायची बंद, इंजिन ब्रेक गेला, पॉवर स्टेअरिंग दगडासारखं. हे त्या ड्रायव्हरला माहीत नसतं असं समजू नका, सगळ्यांना माहीत असतं. पण ॲव्हरेज चांगलं दिलं की मालक बक्षीस देतो आणि कमी दिलं की कापतो, मग माणूस न्यूट्रल करणारच. स्मिथच्या पाच किल्ल्यांत या कुलुपाची किल्ली नाही. तो ज्या मालकाकडे गेला होता त्याच मालकाच्या टेबलावर ती असते. म्हणून मला कोणी कंपनी ट्रेनिंगला बोलावते तेव्हा पहिला प्रश्न मी हाच विचारतो की ॲव्हरेजचं बक्षीस आहे का, आणि ड्युटी किती तासांची. यावर दोन कंपन्यांनी मला परत बोलावलं नाही, असो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, जा ट्रेनिंगला, मन लावून करा. पण एवढं बघा की शिकवणारा तुमच्याच गाडीत, तुमच्याच रूटवर शेजारी बसतो का. नुसता हॉलमधे प्रोजेक्टर लावून पाच किल्ल्या पाठ करून घेत असेल तर चहा-बिस्किटं चांगली असतील एवढंच. स्मिथची पद्धत मुळात गाडीत बसून शिकवायची आहे, हॉलमधली नाही. सहा महिन्यांनी परत कोणी तपासायला येणार आहे का तेही विचारा, नाहीतर तीन आठवड्यांत माणूस परत फाळक्याकडे बघायला लागतो, मी स्वतः बघितलंय.

आणि हो, एक राहिलं. ट्रेनिंगच्या आधी डोळे तपासून घ्या, सगळ्यांनी. मी पहिल्या दिवशी सकाळी गाडीत बसायच्या आधी लांबच्या एखाद्या गाडीची नंबर प्लेट वाचायला लावतो, जवळपास प्रत्येक बॅचमधे एक-दोन जण अंदाजाने वाचतात, आणि त्यातल्या एकाचा तरी चष्मा घरी कपाटात असतो, कारण चष्मा लावला की मालकाला वाटेल आता हा म्हातारा झाला.